भ्यालेल्या काळजाचा न्याय

मराठीत काळीज आणि काळजी हे दोन शब्द सख्ख्या शेजाऱ्यांसारखे राहतात. ज्याला काळजी लागली त्याच्या काळजाचा ठोका चुकतो, काळजात धस्स होते, काळजाचे पाणी पाणी होते. आमच्या आजीला शरीरशास्त्राचा गंधही नव्हता. परंतु मुंबईला गेलेला मुलगा शेवटच्या गाडीनेही परतला नाही म्हणजे तिचा हात आपोआप छातीवर जाई. पुढे आमच्या घराण्यात शिक्षण आले, पदव्या आल्या, औषधांची नावे तोंडपाठ झाली. हात मात्र अजून तेथेच जातो.

ज्या हृदयात वैद्याला काही सापडत नाही आणि तरीही जे मध्यरात्री धडधडून माणसाला उठवून बसवते, त्या हृदयाचा दोष कोणता? तो शरीराचा म्हणावा, मनाचा म्हणावा, की श्रद्धेचा? आणि त्या भयापायी माणसाच्या हातून जे करावयाचे राहून जाते, त्याचा जाब कोणाला विचारावा? हा प्रश्न आम्ही ग्रंथांतून शोधून काढलेला नाही. तो आमच्याच घरी चालत आला, म्हणून त्याचा विचार करणे भाग पडले.

2017 सालच्या मे महिन्यात आमच्या आळीतील एक गृहस्थ हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय आमच्याहून दोन वर्षांनी कमी. त्यांच्या अंत्यविधीहून परतलो, चार घास खाल्ले, जपमाळ झाली, निजलो. मध्यरात्री जाग आली ती छातीतल्या धडधडीनेच. डाव्या कुशीवर होतो. ठोके उशीतून ऐकू येत होते. मध्येच एक ठोका चुकल्यासारखा वाटला आणि त्यामागून आलेला ठोका, दारावर कोणी मूठ आपटावी, तसा आला. बोटांना मुंग्या आल्या, घसा कोरडा पडला आणि मनात एकच वाक्य उरले : आता आपली पाळी. घरच्यांनी रिक्षा आणली. इस्पितळात छातीला तारा जोडल्या गेल्या, कागदाची पट्टी निघाली, तरुण डॉक्टरांनी ती वरखाली पाहिली आणि ते म्हणाले, "काही नाही. घरी जा, झोपा."

जीव भांड्यात पडला. परंतु दोनच रात्रींनी पुन्हा तोच प्रकार. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या. थायरॉईड पाहिली, हिमोग्लोबिन पाहिले, चोवीस तास छातीला यंत्र बांधून ठोक्यांची नोंद घेतली. सगळीकडे उत्तर तेच : काही नाही. पहिल्या दिवशी वरदानासारखे वाटलेले हे दोन शब्द हळूहळू आरोपासारखे वाटू लागले. काही नाही, तर मग आम्ही रात्रभर सोसले ते काय? घरात कोणी म्हणाले, "उगाच मनावर घेता." कोणी म्हणाले, "नोव्हेना करा." प्रार्थनेला येणाऱ्या एका सज्जन बाईंनी तर मोठ्या प्रेमाने सांगितले, "श्रद्धा कुठेतरी कमी पडते." प्रेमाने मारलेला घाव अधिक खोल जातो, याचा त्या दिवशी अनुभव आला.

प्रथम या 'काही नाही'चाच विचार करू. आपले हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण 60 ते 100 वेळा आकुंचन पावते. म्हणजे दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके पडतात आणि त्यांतले बहुतेक आपल्या खिजगणतीतही नसतात. भय वाटले म्हणजे मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन लहानशा ग्रंथींतून ॲड्रिनलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते. हृदयाची गती वाढते, श्वास उथळ व जलद होतो, रक्त मोठ्या स्नायूंकडे धावते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही सारी सिद्धता झुंजण्यासाठी किंवा पळण्यासाठी असते, असे मांडले. श्वास प्रमाणाबाहेर जलद झाला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. म्हणून बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. चुकलेला वाटतो तो ठोका पुष्कळदा चुकलेला नसतो. तो वेळेआधी पडलेला असतो. त्यानंतर हृदय क्षणभर थांबते, त्यात अधिक रक्त भरते आणि पुढचा ठोका जोराचा बसतो. निरोगी माणसांतही असे ठोके पडतात. फरक इतकाच की, निर्धास्त मनुष्याला ते कळत नाहीत आणि भ्यालेला मनुष्य कान लावून बसलेला असतो.

आमच्या गावातील चर्चच्या घंटेचा दृष्टान्त येथे शोभेल. कोणी निवर्तले म्हणजे ती वाजते. लहानपणी आमच्यातल्या एका वात्रट पोराने दुपारच्या वेळी उगाच दोर ओढला होता आणि गाव अंगणात जमले होते. घंटा खोटी वाजली नव्हती; तिचा नाद खराच होता, धावून आलेल्या बायकांच्या छातीतली धडधड खरी होती. मेलेले मात्र कोणी नव्हते. दोर कोणी ओढला हे घंटेला कळत नाही. डॉक्टरांचे 'काही नाही' याचा अर्थ एवढाच की, गावात कोणी मेलेले नाही. घंटा वाजलीच नाही असा त्याचा अर्थ नव्हे. ही दोन विधाने आपण एक मानतो आणि सोसणाऱ्याला खोटा ठरवतो. सोसणे खरे असते. धोका खरा नसतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करणे हा सत्याचा पहिला धडा आहे.

वैद्यकशास्त्रालाही हा धडा एका दिवसात कळला नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या एका लष्करी इस्पितळात जेकब मेंडिस द कोस्टा हे डॉक्टर काम करीत होते. त्यांच्याकडे असे सैनिक येत, ज्यांना धाप लागे, छातीत दुखे, हृदय बेभान धावे. पण हृदयात रोग सापडत नसे. 1871 साली त्यांनी अशा तीनशेहून अधिक सैनिकांच्या अभ्यासावर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला आणि या विकाराला 'चिडखोर हृदय' अशा अर्थाचे नाव दिले. लांबलांबच्या कूचा, ताप, हगवण यांकडे त्यांनी बोट दाखवले. विश्रांती व औषधे दिली. पहिल्या महायुद्धात हजारो ब्रिटिश सैनिकांना हेच झाले. तेव्हा सर थॉमस लुईस यांनी त्यांना अंथरुणात निजवून न ठेवता क्रमाक्रमाने वाढत जाणारी कवायत करावयास लावली. 1918 साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला. पुढे 1941 साली पॉल वुड या हृदयतज्ज्ञांनी या विकाराचे मूळ भयात आहे, असे आग्रहाने प्रतिपादन केले. तोफांच्या माऱ्यात उभ्या राहिलेल्या त्या जवानांना भित्रे म्हणण्याचे धाडस कोण करील? आणि त्यांना म्हणवत नसेल, तर मुलाच्या फीची, आईच्या दुखण्याची, फेडता न येणाऱ्या कर्जाची काळजी वर्षानुवर्षे वाहणाऱ्या गृहिणीला तरी ते का म्हणावे?

आता श्रद्धेचा प्रश्न. भय वाटणे म्हणजे विश्वास कमी पडणे होय का?

दुसऱ्या शतकातील रोमन लेखक आउलुस गेलियस यांनी एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. ते समुद्रमार्गे इटलीकडे येत असता वादळ झाले. त्याच गलबतात स्टोइक पंथाचा एक नामांकित तत्त्ववेत्ता होता. सुखदुःखाने विचलित होऊ नये असे शिकवणारा हा पंथ. परंतु लाटा उसळल्या तेव्हा त्याचाही चेहरा पांढराफटक पडला. वादळ शमल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला हिणवले. त्याला त्याने चार शब्दांत गप्प केले; पण गेलियस यांनी जिज्ञासेने विचारले तेव्हा त्याने आपल्या पिशवीतून एपिक्टेटस या गुरूचा ग्रंथ काढून दाखवला. त्यातील विचार असा : भयाचा पहिला झटका शहाण्याच्याही हातात नसतो. तो येतो, रंग उडवतो, अंग कापवतो. हातात असते ते पुढचे पाऊल. 'हे खरोखरच भयंकर आहे' असे जे चित्र मन उभे करते, त्याला संमती द्यावी की देऊ नये, एवढेच मनुष्याचे स्वतःचे. संत ऑगस्टीन यांना ही कथा इतकी महत्त्वाची वाटली की, 'देवाचे नगर' या आपल्या महाग्रंथाच्या नवव्या भागात त्यांनी ती पुन्हा सांगितली.

संत थॉमस अक्विनास यांनी हाच धागा पुढे नेला. राग, भय, दुःख हे विकार स्वतः चांगलेही नव्हेत आणि वाईटही नव्हेत. विवेक आणि इच्छा त्यांचे काय करतात यावर त्यांची नैतिक योग्यता ठरते, असे त्यांचे मत आहे. ख्रिस्ताच्या ठायीही भय होते, हे ते स्पष्टपणे मान्य करतात. आपण दरवर्षी पवित्र गुरुवारी रात्री ज्या बागेतील प्रभूसमवेत जागरण करतो, तो प्रभू त्या रात्री व्याकूळ झाला होता, मित्रांनी जवळ जागे राहावे असे त्याला वाटत होते. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडल्याची नोंद लूकने केली आहे. ज्याच्या विश्वासाविषयी आपण शंका घेऊ शकत नाही, त्याचे शरीर भ्याले. मग आमच्या शरीराच्या भयावरून आमच्या विश्वासाचे माप काढण्याचा अधिकार कोणाला?

येथवर आलो तेव्हा आम्हांला फार बरे वाटले. येथेच लेख संपवता आला असता तर किती सोयीचे झाले असते! परंतु आमच्या कहाणीचा दुसरा भाग अजून सांगावयाचा आहे आणि तो आमच्या बाजूचा नाही.

त्या मे महिन्यानंतर आम्ही भयाला लहानसहान सवलती देऊ लागलो. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणे सोडले. दाराजवळचा शेवटचा बाक गाठला, म्हणजे प्रसंग आला तर बाहेर पडता येईल. मिस्सामधील वाचनाची पाळी दुसऱ्याला दिली. विरारच्या गाडीची गर्दी टाळली, मग गाडीच टाळली. प्रत्येक सवलतीनंतर घटकाभर सुटल्यासारखे वाटे आणि भयाचा मुलूख एका बिघ्याने वाढे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटे नाही. पळणाऱ्याचाच तो पाठलाग करतो.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता आमचा एक शाळूसोबती मुंबईच्या इस्पितळात दाखल झाला. दुखणे परतीचे नव्हते. वहिनींनी दोनदा निरोप धाडला, "भाऊजींना म्हणावे, एकदा येऊन जा." पहिल्या वेळी आम्ही पाऊस पुढे केला, दुसऱ्या वेळी कापणी. खरे कारण एकच होते : इस्पितळाचा तो वास, ती लांबलचक वाट, तेथे आमचे काळीज धडधडू लागले तर? पंधरा दिवसांनी तो गेला. आम्ही अंत्यविधीला गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो.

भय हे पाप नव्हे. मग आमचे न जाणे काय होते? गेलियसच्या तत्त्ववेत्त्याचा न्याय लावला तर उत्तर टाळता येत नाही. चेहरा पांढरा पडणे त्याच्या हाती नव्हते. पण त्याने सुकाणू हाती असलेल्याला ढकलून स्वतःसाठी होडी सोडली असती, तर ते त्याचे कृत्य ठरले असते. अक्विनासही भयाला सरसकट सूट देत नाहीत : जे टाळू नये ते टाळावयास लावणारे भय दोषी ठरते, असे ते म्हणतात. मात्र भयापोटी केलेले कृत्य पूर्णपणे स्वेच्छेचे नसते, म्हणून त्याचा दोष उणावतो, हेही तेच सांगतात. ॲरिस्टॉटलने याला वादळात माल समुद्रात फेकणाऱ्या खलाशाचे उदाहरण दिले होते. तो स्वतःच्या हाताने फेकतो, तरी एरवी कोणी शुद्धीवर असता असे करणार नाही. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही भय, सवय आणि मनोव्यापारांतील अडचणी यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, प्रसंगी नाहीशीही होऊ शकते, असे म्हटले आहे. आमची जबाबदारी किती उणावली याचा हिशेब देव करील. ती शून्य झाली होती, असे आम्ही मनापासून म्हणू शकत नाही. पावसाचे आणि कापणीचे कारण तर आम्ही शांत चित्ताने, खुर्चीत बसून रचले होते. त्या वेळी काळीज मुळीच धडधडत नव्हते.

आगमनकाळात आम्ही पापनिवेदनाला गेलो आणि आपल्या भित्रेपणाची लांबण लावली. वृद्ध धर्मगुरूंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "भीतीबद्दल क्षमा मागू नका. वहिनींकडे जाऊन या." एवढेच प्रायश्चित्त.

आम्ही गेलो. वाटेत काळीज धडधडत होते, दाराशी धडधडत होते, चहाचा कप हातात थरथरत होता. पाऊस, कापणी असले काही न सांगता खरे काय ते सांगितले. वहिनींनी ऐकून घेतले. "ते वाट पाहत होते, भाऊजी," एवढेच त्या म्हणाल्या आणि बशीत बिस्किटे ठेवली. त्यांनी आम्हांला क्षमा केली किंवा कसे, हे आम्ही विचारले नाही. घरी परतताना एक गोष्ट ध्यानात आली : अर्धा तास आमचे काळीज मनसोक्त धडधडले होते आणि आम्ही जिवंत होतो. सात महिने जी गोष्ट टाळण्यासाठी आम्ही मित्राचा शेवटचा शब्द गमावला, ती एका चहाच्या वेळात घडून गेली होती.

हे ज्ञान आमच्या आधी एका ऑस्ट्रेलियन बाईंना झाले होते. डॉ. क्लेअर वीक्स तरुणपणी प्राणिशास्त्राच्या संशोधक होत्या. क्षय झाल्याचे चुकीचे निदान होऊन त्यांना काही महिने आरोग्यधामात राहावे लागले आणि तेथून त्या धडधडणारे काळीज घेऊन बाहेर पडल्या. पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका मित्राने त्यांना सांगितले की, खंदकातील सैनिकांचीही हृदये अशीच धावत. तू भीतीलाच भीत आहेस. पुढे त्या वैद्य झाल्या आणि 1962 साली त्यांनी सामान्य रुग्णांसाठी पुस्तक लिहिले. त्यांच्या उपदेशाचा आशय असा : धडधडीकडे पाठ फिरवू नका, तिच्याशी झुंजू नका, ती अंगावरून वाहू द्या, आणि बरे व्हावयास लागेल तेवढा काळ लागू द्या. भयाचा पहिला झटका शरीराचा. त्याच्या मागोमाग येणारा 'अरे देवा, आता काय होणार' हा दुसरा झटका आपला. पहिल्याला इलाज नाही. दुसरा मात्र हळूहळू सोडता येतो. एपिक्टेटस आणि या बाई यांच्यात अठराशे वर्षांचे अंतर आहे. परंतु दोघांनी बोट ठेवले ते एकाच जागेवर.

मात्र या विचाराचा कोणी अविचार करू नये. छातीत धडधड होताच ती भीतीचीच आहे असे स्वतः ठरवणे हा मूर्खपणा होय. प्रथम डॉक्टरांकडे जावे. धडधडीबरोबर छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल, धाप लागत असेल, ती श्रम करताना उद्भवत असेल किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अकस्मात गेले असेल, तर क्षणाचाही विलंब नको. थायरॉईडचे विकार, पंडुरोग, काही औषधे, चहा-कॉफीचा अतिरेक यांनीही हृदय धावते. तपासणी एकदा नीट व्हावी. निर्वाळा मिळाल्यावर तीच तपासणी दर आठवड्यास मागू नये, कारण तो निर्वाळा नसून भयाला दिलेली आणखी एक सवलत असते. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. भयाशी वागण्याची रीत शिकवणारे उपचार आज आहेत, गरज पडल्यास औषधेही आहेत. ती घेणाऱ्याची श्रद्धा उणी ठरत नाही. चश्मा लावून बायबल वाचणाऱ्याला आपण अविश्वासू म्हणतो काय? ज्याला कोठे जावे हे सुचत नाही, त्याच्यासाठी शासनाने ऑक्टोबर 2022 मध्ये 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली; तिचा क्रमांक 14416 आहे.

आणि भ्यालेल्याच्या सोबत राहणाऱ्यांचे काय? त्यांचेही कर्तव्य आहे आणि ते अवघड आहे. 'काही नाही' म्हणू नये आणि 'अरे बापरे' असेही म्हणू नये. त्याच्या वतीने निरोप पाठवून त्याला घरी लपवू नये. आमच्या घरच्यांनी मायेने तेच केले होते. बागेत प्रभूने शिष्यांपाशी मागितले ते एवढेच होते की, त्यांनी जवळ जागे राहावे. त्याचे भय दूर करा असे तो म्हणाला नाही. ते त्यांच्या हाती नव्हतेच. ज्याचे काळीज धडधडत आहे त्याच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत जाणे, त्याने श्वास हळू सोडावा म्हणून आपणही हळू सोडणे, तो मध्येच थांबला तर थांबणे आणि मग पुन्हा चालू लागणे, एवढे कोणत्याही घरात करता येईल.

गेल्या वर्षी वहिनींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. मुलगा परदेशी, त्यांनी आम्हांला विचारले. इस्पितळ योगायोगाने तेच होते, जेथे आम्ही गेलो नव्हतो. विरारच्या गाडीने गेलो. इस्पितळाच्या दारापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत काळीज धडधडले. आम्ही त्याला धडधडू दिले. वहिनींच्या एका डोळ्यावर पट्टी होती, म्हणून उतरताना त्यांनी आमचा हात धरला. तो थरथरत होता हे त्यांना कळले असेल. त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही पायऱ्या मोजत खाली उतरलो.